हसबनीस काकांचं नगर

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावं घालण्यापलीकडं आमच्याकडं आजवर कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तेही शाळेतल्या गुरुजींना बोलावून. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी 'मनात राहिलेलं माणूस' असा विषय दिला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आई घेतली. मीही आईवरच लिहायला बसलो होतो. सुट्टीत घरी गेल्यावर तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "माज्यावर काय लिवायचं हाय? त्यापरीस वरच्या वावरात जाऊन पानी धर." म्हणून आई राहिली आणि मी हसबनीस काकांकडं वळलो. आपल्यावर कुणी लिहिलं तर काकांना आवडेल. त्यात चुका सापडल्या तर त्याहून जास्त आवडेल.

मी श्रीगोंदे तालुक्यातला. काष्टीपासून आत, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. बारावीनंतर नगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वडिलांबरोबर खोली शोधायला आलो. तोफखान्यातल्या एका गल्लीत दुमजली घर होतं, गच्चीवर एक खोली, खाली मालक. मालक म्हणजे हसबनीस काका. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अंगानं किडकिडीत, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशात दोन रुमाल असायचे, एक स्वतःसाठी आणि एक हॉटेलातलं बाकडं पुसायला.

खोलीचे मालक काय विचारतात ते मी पाठ करून गेलो होतो. स्वयंपाक करणार का, मित्र किती येतील, लाइट कधी बंद करणार. काकांनी यातलं काही विचारलं नाही.

"नगर किती पाहिलंयस?"

मी म्हणालो, "माळीवाडा स्टँड पाहिलाय. आणि सिव्हिल हॉस्पिटल. आजोबांना ठेवलं होतं तेव्हा."

"आणखी?"

वडील मदतीला आले. "कोर्ट पन बघितलंय त्यानं. बांदाच्या तारखेला आनलं हुतं मी."

काका खुर्चीत मागं टेकले आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का गं? या लोकांनी नगरात येऊन आजारपण आणि भांडण एवढंच पाहिलंय."

"मग काय खोटं आहे?" आतून काकूंचा आवाज आला. "मीही दुसरं काय पाहतेय?"

वडील हसून म्हणाले, "आमाला काय हो काका, नगर म्हंजी तेवडंच. काम झालं की गाडी धरायची."

"खोली दिली," काका म्हणाले. "पण एक अट आहे. पहिला महिनाभर बाहेर परस्पर काही खायचं नाही. मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तिथं आणि मी सांगेन तसं."

परतताना स्टँडवर वडिलांनी आधी गाडी कधी लागते ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "मानूस बरा हाय. पथ्य लई कडक दिसतंय पन. त्येंच्या पोटाचं काय दुकनं आसंल."

खोलीत माझ्याआधीपासून संतोष राहत होता. पारनेर तालुक्यातला, माझ्याहून एक वर्ष पुढं. त्यानं पहिल्याच दिवशी मला व्यवस्था समजावून दिली. काकांच्या मते नगर एकदम खायचं नसतं, ते पायरीपायरीनं चढायचं असतं. आधी भेळ, मग मिसळ, मग कढईतलं दूध आणि सगळ्यात शेवटी खव्याचे गुलाबजाम. मधली पायरी गाळता येत नाही.

"मला गुलाबजामला यायला दिवाळी उजाडली," संतोष म्हणाला. "एकदा चोरून खाल्ला, तर लगीच वळाखलं त्यांनी. म्हनले, तुज्या तोंडावर दिसतंय."

भेळेचा दिवस मला चांगला आठवतो. कापडबाजाराच्या मागच्या चौकात एक गाडी लागते, तिथं काका मला घेऊन गेले. वाटेत त्यांनी सांगितलं, की हा भेळवाला त्यांच्यासाठी चटणी वेगळी काढून ठेवतो. गाडीपाशी पोचल्यावर काका मधोमध उभे राहिले आणि मला कांद्याचं महत्त्व सांगू लागले. भेळवाला वर न बघता म्हणाला, "काका, जरा बाजूला सरा, गिऱ्हाईक येऊ द्या."

काका बाजूला सरले आणि माझ्या कानात म्हणाले, "बघितलंस? आपल्याला गिऱ्हाईक समजत नाही. घरचं समजतो."

वेगळी चटणी आली नाही. सगळ्यांच्या डब्यातली तीच चटणी आली. काकांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज ठेवायला विसरला बहुतेक. पण हीसुद्धा वाईट नाही."

मग त्यांनी मला भेळ खाताना उभं कसं राहायचं ते शिकवलं. तोंड बाजाराकडं हवं. भिंतीकडं तोंड करून खातो तो परगावचा. इथं मला एक खरं सांगितलं पाहिजे. मी भिंतीकडंच तोंड करून खाणारा होतो. शहरात आलो तेव्हा हॉटेलात पाय टाकायची मला भीती वाटायची. वेटर काहीतरी विचारेल आणि मला उत्तर येणार नाही, असं वाटायचं. कॉलेजातली मुलं कँटीनला निघाली की मी वाचनालयात जायचं आहे असं सांगायचो आणि खोलीवर येऊन डब्यातली भाकरी खायचो. काकांना हे कुणी सांगितलं ठाऊक नाही. मिसळीच्या दिवशी त्यांनी बाकडं पुसलं, मला आतल्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "आज तू सांगायचं. मी मुका आहे."

वेटर आला. काका खरोखरच मुक्यासारखे छताकडं बघत होते.

"दोन मिसळ," मी कसंबसं म्हणालो.

"तिखट का मध्यम?"

मी काकांकडं बघितलं. ते पंख्याची पाती मोजत असावेत.

"तिखट."

वेटर गेल्यावर काका म्हणाले, "झालं. एवढंच विचारतो तो. त्याला घाबरलास तर बी.ए. कसा होशील?" मिसळ इतकी तिखट होती, की काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाकड्याचा रुमालच त्यांनी तोंडाला लावला. पण ते मध्यम खाणारे होते हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते काकूंनी नंतर सांगितलं, काका दोन दिवस ताकभात खात होते तेव्हा.

काकांची हीच गंमत होती. नगराबद्दल ते जे बोलत त्यातलं निम्मं मला पटत नसे, पण त्या बोलण्याच्या आधारानं मी एकेका दारातून आत जाऊ लागलो. कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडं कारण तयार असे. उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही, तर म्हणत, "नगरकरांना पाण्याची किंमत कळते ती यामुळंच." रस्त्यावर धूळ उडाली, तर म्हणत, "साधी धूळ नाही ही. या धुळीतून घोडदळं गेलीत." भुईकोट किल्ल्याबद्दल बोलताना ते सांगत, की किल्ला सध्या लष्कराच्या ताब्यात आहे. हे 'सध्या' त्यांच्या वडिलांच्या वयाहून जुनं होतं. शहराचं नाव बदललं तेव्हा गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यांना ओट्यावर गाठून मत विचारलं. काका म्हणाले, "पाटीवर तुम्ही काहीही लिहा. कंडक्टर नगरच ओरडणार." दोन्ही बाजूंना वाटलं, की काका आपल्याच बाजूचे आहेत. दोघांनीही त्यांना चहा पाजला.

एकदा वडील मला भेटायला आले. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. रसवंतीवर घेऊन गेले. आमची दोन एकर उसाची आहे. दरवर्षी तोड आली की ऊस ट्रॅक्टरवर चढतो आणि फॅक्टरीला जातो, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. रसवंतीत खुर्चीवर बसून, ग्लास पुढ्यात घेऊन वडील आयुष्यात पहिल्यांदाच रस पीत होते. काकांनी त्यांना बजावलं, बर्फ घ्यायचा नाही, आलं जास्त घ्यायला सांगायचं आणि पहिला घोट तोंडात धरायचा. वडिलांनी धरला.

"लई झ्याक लागतंय," ते म्हणाले. "ह्यो आपल्याच भागातला ऊस आसंल का हो काका?"

"असेल. पण नगरात आला की ऊस नगरचा होतो," काका म्हणाले.

वडिलांनी मान डोलावली आणि दुसरा ग्लास सांगितला. तेव्हापासून ते कोर्टाच्या तारखेला आले तरी आधी रस पिऊन मग कोर्टात जातात. तारीख पुढं पडली तरी पूर्वीइतकं वाईट वाटत नाही, असं म्हणतात.

आणखी एक प्रसंग सांगतो. नगरात कुणालाही विचारा, शहराबाहेर डोंगरावर दिसतो तो चांदबीबी महाल. काकांच्या समोर कुणी असं म्हणालं, की ते चालता चालता थांबत. "एक म्हणजे तो महाल नाही, कबर आहे. आणि ती चांदबीबीची नाही, एका सरदाराची आहे." पण रिक्षावाल्याला सांगताना मात्र ते स्वतः 'चांदबीबी महाल' असंच सांगत. दुसरं काही सांगितलं असतं, तर त्यानं नेलंच नसतं.

हिवाळ्यातल्या एका रविवारी ते आम्हा दोघांना तिथं घेऊन गेले. आतल्या अरुंद अंधाऱ्या जिन्यानं वर जायचं असतं. काकांचे गुडघे जिन्याला तयार नव्हते. ते खाली ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वर पोचलात की फोन लावा."

आम्ही वर पोचून फोन लावला.

"आता शहराकडं तोंड करा. काय दिसतंय?"

"धुरळा दिसतोय काका," मी म्हणालो.

"धुरळ्याच्या मागं?"

संतोषनं फोन घेतला. "बिल्डिंगी हायेत."

"बिल्डिंगींच्या मागं किल्ला आहे. तो बघा."

"दिसत न्हाई, काका."

"दिसत नाही म्हणून काय झालं? आहे ना तिथं? बघा म्हणतोय."

आम्ही दोघं त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. संतोष हसू दाबत होता. फोनमधून काका खंदकाबद्दल, बुरुजांबद्दल, तोफांबद्दल सांगत होते. खाली वाकून पाहिलं, तर ते ओट्यावर बसून एका हातात फोन धरून दुसरा हात हवेत फिरवत होते. शेजारी दोन शेळ्या होत्या, त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"पाहिलात?"

"व्हय काका," संतोष म्हणाला.

"मग उतरा."

संतोषला विचाराल तर तो म्हणेल, की काहीच दिसलं नव्हतं. मी पैज लावणार नाही, पण मला त्या दिवशी थोडा किल्ला दिसला.

काकांच्या या सगळ्या राज्याला एकाच गोष्टीचा धोका होता. त्यांचा मुलगा प्रसाद पुण्यात नोकरीला. सून तिथंच नोकरीला, त्यांची लहान मुलगी तिथंच शाळेत. प्रसादचा दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी विषय एकच असायचा, की घर बंद करा आणि इकडं या. काकूंना जायचं होतं. त्या उघड म्हणायच्या, "मला नातीला बघायचंय. ह्यांना भेळ बघायचीय." काका फोनवर पुण्याची विचारपूस करत. पाऊस किती, ट्रॅफिक किती, पार्किंग मिळतं का. उत्तर ऐकून आमच्याकडं वळून, फोनवर हात न ठेवता म्हणत, "ऐका रे. तासभर गाडीत बसतात. आपण तासाभरात भिंगारला चालत जाऊन परत येतो."

असं पुष्कळ दिवस चाललं असतं. पण मध्येच आमच्या गल्लीच्या तोंडाचा खड्डा बुजवला गेला.

या खड्ड्याबद्दल सांगायला हवं. तो मी यायच्या आधीपासून होता. रस्त्याच्या ऐन मध्ये, चांगला पसरट. काकांचं म्हणणं असं, की परगावचा माणूस खाली बघून चालतो आणि नगरकर मान ताठ ठेवून चालतो. कारण नगरकराच्या पायाला खड्डे पाठ असतात. आमच्या गल्लीतली माणसं त्या जागी आली, की बोलणं न थांबवता एक लांब ढांग टाकत आणि पुढं जात. दूधवाला सायकलवरून उठून उभा राही. शाळेतली मुलं उडी मारत. काकूसुद्धा भाजीची पिशवी सावरून बरोबर तेवढंच पाऊल टाकत. माझं पाऊल तिथं आपोआप लांब पडलं, त्या दिवशी काकांनी मला शाबासकी दिली होती. "आता तू इथला," असं म्हणाले होते.

निवडणूक जवळ आली आणि एका दुपारी माणसं आली, डांबर आलं, खड्डा बुजला. बुजवताना नेहमीप्रमाणं थोडं जास्तच घातलं गेलं आणि खड्ड्याच्या जागी उंचवटा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दूध आणायला निघाले. मान ताठ. शेजारच्या गृहस्थांना काहीतरी समजावून सांगत होते. नेहमीच्या जागी त्यांनी नेहमीची ढांग टाकली. पण पाय पडायचा त्याच्या आधीच जमीन लागली आणि काका पालथे पडले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "खड्ड्यात पडलात का आजोबा?"

"नाही. खड्डा नव्हता म्हणून पडलो," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघून डोक्याला कुठं लागलंय का, असं खुणेनं विचारलं.

दुपारपर्यंत प्रसाददादा आला. पहिल्यांदा मी त्याला समोर बघत होतो. दिसायला शांत, बोलायला हळू. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, या गावात खड्डा असला तरी माणूस पडतो आणि बुजवला तरी पडतो. आता मात्र पुरे."

गंमत अशी, की काकांकडं या एकाच वाक्याला उत्तर नव्हतं. पाण्याला होतं, धुळीला होतं, किल्ल्याला होतं. याला नव्हतं. ते प्लास्टरकडं बघत बसले. काकू आत जाऊन बॅगा काढू लागल्या.

ठरलं असं, की हात बरा होईपर्यंत थांबायचं, मग दोघांनी पुण्याला जायचं, घराचं पुढं बघू. आम्हाला परीक्षा होईपर्यंत खोलीत राहायची मुभा होती. त्या काळात काकांनी नवीन कुणाला काही दाखवलं नाही. खालच्या मजल्यावर एक नवा मुलगा चौकशीला आला होता, त्याला त्यांनी एवढंच विचारलं, की गॅस आहे का. संतोष म्हणाला, "काका आजारी हायेत, तिच्यायला. त्याला भेळ न्हाई इचारली त्यांनी."

एकदा संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो, तर काका कठड्याला टेकून उभे होते. मला म्हणाले, "इथं मी रस्त्यानं निघालो की चार माणसं म्हणतात, हसबनीस निघाले. तिथं मी निघालो तर वॉचमन म्हणणार, प्रसादचे वडील निघाले. फरक पडतो की नाही?"

मी म्हणालो, "पडतो, काका."

"मग तू सांग ना प्रसादला," ते म्हणाले. लगेच स्वतःच हसले आणि मला कपड्यांचे चिमटे गोळा करून देऊ लागले.

जायचा दिवस आला. प्रसाददादाची गाडी सामानानं भरली. काकू पुढं बसल्या. काका म्हणाले, "मला गाडीत मळमळतं. मी दुपारच्या एसटीनं येतो." प्रसाददादानं खूप समजावलं. काका ऐकेनात. मी सोडायला येतो म्हणालो, तर माझ्यावरच ओरडले, "कॉलेज बुडवायचं नाही." शेवटी काकू म्हणाल्या, "येऊ दे रे त्यांना एसटीनं. शेवटचं गाव फिरून घेतील." गाडी गेली. मी कॉलेजला गेलो.

दुपारी संतोषला घरी जायचं होतं, त्याची पिशवी घेऊन मी माळीवाडा स्टँडवर आलो. तो गाडीत बसला. परत फिरताना जामखेडच्या फलाटावर मला काका दिसले. बाकडं पुसून बसले होते. मांडीवर बॅग, शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

नगरात स्टँड तीन आहेत. पुण्याला जायचं तर पुणे स्टँडवर उभं राहायचं, हे नगरातलं शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मला ते पहिल्याच आठवड्यात काकांनी स्वतः पाठ करायला लावलं होतं. जामखेडची गाडी पुण्याच्या बरोबर उलट्या दिशेला जाते.

"काका, इथं कसे?"

"गाडीची वाट बघतोय."

"पण पुण्याची गाडी इथून..."

"सुटत नाही. ठाऊक आहे." त्यांनी समोरच्या पाटीकडं बघितलं. "सुटली तर जाईन."

मी त्यांच्या शेजारी बसलो. जामखेडची एक गाडी लागली, भरली, गेली. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, यायचंय का?" काका म्हणाले, "नाही, मला पुण्याला जायचंय." कंडक्टर हसावं की पत्ता सांगावा या विचारात पुढं गेला. तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन वाजला. प्रसाददादा होता. काका म्हणाले, "अजून गाडी आलेली नाही." यात खोटं काहीच नव्हतं. मग तिकडून काकूंनी फोन घेतला असावा, कारण काका एकदम सरळ होऊन बसले. बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हो. औषध पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. नाही, डाव्या. येतोय मी."

फोन ठेवून ते उठले. "हिला स्वतःची गोळी सापडत नाही," म्हणाले. "चल, रिक्षा बघ."

पुणे स्टँडवर गाडी तयारच होती. मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली. खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मीही काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. आभार मानायचे होते, पण आमच्याकडं मोठ्यांचे आभार मानायची पद्धत नाही. गाडी हलली. काका माझ्याकडं बघत नव्हते. शेजारच्या प्रवाशाला खिडकीतून बाहेरचं काहीतरी बोट करून दाखवत होते. तो प्रवासी झोपायच्या तयारीत होता. गाडी चौकात वळेपर्यंत काकांचं बोट खिडकीबाहेर दिसत राहिलं.

त्यानंतर दिवाळीत काकूंचा फोन आला. म्हणाल्या, जेवतात, झोपतात, बोलत नाहीत. दिवसभर बाल्कनीत बसतात. खालीसुद्धा उतरत नाहीत. मला फार वाईट वाटलं. भेटायला जायचं मी ठरवलं आणि परीक्षा, सुट्टी, उसाची तोड असं करत राहून गेलं. मधले महिने कुणाचाच फोन नव्हता. मी मनातून भीत होतो.

मागच्या आठवड्यात काकूंचं नाव पडद्यावर दिसलं, तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर आलो.

"अरे, मोठी अडचण झालीय," काकू म्हणाल्या.

"काका बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय? प्रसादची बदली झाली बंगळूरला. आम्हालाही चला म्हणतोय. आणि हे अडून बसलेत."

"नगरला यायचं म्हणतात का?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असावा.

"नगर कुठलं! पुणं सोडून कुठंही येणार नाही म्हणतात. इथं टेकडीवर सकाळचा कंपू जमलाय त्यांचा. परवा प्रसादला विचारत होते, बंगळूरला माणसं राहतात का म्हणून."

मी म्हणालो, "काकू, पण नगर सोडतानासुद्धा काका..."

"नगरचं काय घेऊन बसलायस! नोकरीची ऑर्डर आली तेव्हा धुळं सोडत नव्हते. सासऱ्यांनी एसटीत बसवून दिलं, तर पुढच्या थांब्याला उतरून चालत घरी आले. धुळ्यासारखं गाव नाही म्हणून पहिलं वर्षभर माझं डोकं खाल्लं."

"काका धुळ्याचे?"

"मग? तुला कुठले वाटले?" काकू म्हणाल्या. "ते जाऊ दे. तू जरा समजाव त्यांना. तुझं ऐकतात ते."

काकांनी माझं आजवर कधी ऐकलेलं नाही. पण काकूंना नाही म्हणवलं नाही. ते धुळ्याचे आहेत हे मी नगरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, संतोषलासुद्धा नाही. बंगळूर मी पाहिलेलं नाही. आमच्या वर्गातल्या एकाचा भाऊ तिथं कामाला आहे. तिथं सकाळी लोक काय खातात, कुठं उभं राहून खातात आणि त्यांना कशाचा अभिमान आहे, एवढं त्याच्याकडून विचारून घेतलं आहे. येत्या रविवारी काकांना फोन लावणार आहे.